न्हाणीमागची अर्थिंग

भासाला वास नसतो.

एवढं मी आधीच सांगून ठेवते. कारण ही हकीकत ऐकली की लोक म्हणतात, "आजी, वय झालं तुमचं, भास झाला असंल." नुसता भास असता तर मी आजही दिवसभर हात धूत बसले नसते.

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमचं घर माकणीच्या शिवारात, शेतातच आहे. भूकंपात जुनं घर पडलं, त्याच जागी नवं बांधलं. जुन्यातली फक्त मागची दगडी न्हाणी राहिली.

मी लग्न होऊन आले तेव्हा बाळंतपणं घरातच व्हायची. शेपा-ओव्याची धुरी, कढत पाणी, कोपऱ्यात तेवणारी समई. बाळामागून पडणारी वार न्हाणीच्या मागं पुरायची. वर हळद-कुंकू, त्यावर दगड, म्हणजे कुत्रं उकरत नाही. आंघोळीचं पाणी त्यावरूनच वाहायचं. माझ्या सासूची, जावांची, माझी, माझ्या सुनेची... सगळ्यांची वार तिथंच पुरलेली. ते दिवस आठवले की मला बरं वाटायचं.

आता नाही वाटत.

माझी नातसून निकिता तेव्हा दिवसांत होती. डॉक्टरीणबाई उमरग्याच्या. रस्ता लांबचा आणि घरात वाहन एकच, नातू उत्कर्षची जुनी जीप. ती ऐन वेळी बंद पडायची. संध्याकाळी उभी केली की सकाळी बॅटरी उतरलेली. चार माणसांनी ढकलायची.

निकिता मला म्हणाली, "आजी, कळा सुरू झाल्यावर कोण ढकलणार हो?"

उत्कर्षनं गुंडाप्पाला बोलावलं. हा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा. गाड्यांचंही थोडंफार बघायचा.

"डायनमो झकास हाय," तो बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला. "करंट तयार व्हतोय, पण बॅटरीत धड जाईना. अर्थिंग कमजोर हाय, मालक."

बॅटरीची काळी वायर जिथं बॉडीला कसलेली असते तिथला गंज त्यानं खरवडला. बॅटरीपासून इंजिनापर्यंत नवी जाड वायर टाकली. चार्जिंगचा लाल दिवा विझला.

तिथंच थांबला असता तर...

"उभ्या उभ्या बॅटरी उतरती न्हवं? मग उभी असताना जमिनीला जोडू. विहिरीवरच्या मोटारीला देतो तशी."

उत्कर्ष हसला. "अरे, गाडी रबराच्या चाकावर असती. तिला जमीन कशाला?"

"लावून तोटा काय हाय? फक्त जागा ओली पायजे."

वैशाखात जमीन तव्यासारखी तापलेली. ओल फक्त एका जागी होती.

मी बाहेर आले तेव्हा तो न्हाणीमागं सळई ठोकत होता.

"गुंडाप्पा, तिथं नको! तिथं घरातल्या बायकांची वार पुरलीय."

"अक्का, त्याची कवाच माती झाली की."

"आजी, तुमचं बी काय तरीच!" उत्कर्ष म्हणाला.

शेवटचा घाव बसला. लोखंडावर लोखंडाचा आवाज यायला हवा होता.

तो आला नाही... काहीतरी मऊ फुटल्यासारखा आवाज आला.

सळईला वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला चिमटा. गाडी घरी आली की चिमटा बॅटरीला लावायचा.

दुसऱ्या दिवशी जीप अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली. तिसऱ्या दिवशीही. उत्कर्षनं गुंडाप्पाला चहाला बोलावून पाठ थोपटली.

पण न्हाणीमागच्या ओलीवर रोज चिमण्या यायच्या, गांधीलमाश्या यायच्या. त्या दिवसापासून एकही फिरकली नाही.

मग गाडीत वास सुटला.

"उंदीर मेलाय कुठंतरी," उत्कर्ष म्हणाला. सगळ्या सीटा काढल्या. उंदीर नव्हता.

मी दारातूनच ओळखला तो वास. बाळंतिणीच्या खोलीचा. कोमट, गोडसर, रक्ताचा... फक्त फार दिवस कोंडून ठेवलेला.

बॉनेट उघडलं. बॅटरीवर पांढरा थर चढला होता.

"बॅटरीला अशी बुरशी येतीच, आजी."

मी बोटानं तो थर काढला. बुरशी कोरडी असते. हे तुपकट होतं. बाळ बाहेर येतं तेव्हा त्याच्या अंगावर जो पांढरा चिकटा असतो ना, तो.

त्यात केस होते. बारीक, मऊ, काळे.

जावळ.

मी तिथंच ओकले.

त्याच दिवशी दिवेलागणीला निकिता माझ्याजवळ येऊन बसली. तोंड उतरलेलं.

"आजी, कुणाला सांगू नका. गाडी बाहेर गेली की बाळ हालत न्हाय."

"आन् आली की?"

"चिमटा लावला की लाथ मारतंय."

मी न्हाणीमागं गेले. जमिनीवर पडलेल्या वायरीला हात लावला.

ती गरम होती.

आणि उडत होती... तान्ह्या पोराची टाळू उडते तशी. भरभर.

मी उत्कर्षला ओढत आणून त्याचा हात वायरीवर ठेवला. त्यानं वायर टोकापर्यंत चाचपून पाहिली. मग म्हणाला, "उद्या काढून टाकू."

"आन् बाळाला काय झालं तर?" मी विचारलं.

त्यानं हात काढून घेतला. चिमटा तसाच राहिला. जीप जागची हलली नाही. वाण्याकडंही तो पायी जायला लागला.

अमावस्येच्या भर दुपारी निकिताला कळा सुरू झाल्या.

सून राजेश्वरीनं तिला मागच्या सीटवर निजवलं. उत्कर्ष चिमटा काढायला गेला आणि ओरडत मागं सरला.

चिमटा दिसतच नव्हता. त्याच्यावर करड्या-गुलाबी रंगाचं ओलं कातडं चढलं होतं. वायर मनगटाएवढी फुगली होती. पीळ पडलेली, आत निळसर शिरा. तिच्यावर एक माशी बसायला आली आणि बसता बसता उडून गेली.

आत निकिता किंचाळत होती.

"पक्कड आण," मी म्हणाले.

"आजी, कापली तर बाळ..."

"न्हाय कापली तर दोघंबी जातील. आण!"

नाळ नुसती कापत नाहीत. आधी बांधतात, दोन जागी. बाळासाठी वळलेला काळा करगोटा माझ्या कनवटीला होता. मी त्याचे दोन तुकडे केले. ती बुळबुळीत वस्तू हातात धरली... ती माझ्या मुठीत आवळत होती, चोखल्यासारखी. एक गाठ गाडीच्या बाजूला मारली. एक जमिनीच्या बाजूला. गाठी मी घट्ट मारल्या.

उत्कर्षनं डोळे मिटून मधोमध पक्कड दाबली.

तांबं तुटल्याचा आवाज आला नाही. माझ्या तोंडावर कोमट चिळकांडी उडाली. थोडी ओठांत गेली. खारट होती.

आणि गाडीतून निकिताचा आवाज आला, "सुटलं! आजी, आत कायतरी सुटलं!"

न्हाणीखालून एक हुंदका ऐकू आला... एवढासाच. मग सगळं गप्प.

उमरग्यापर्यंत जीप एकदाही अडली नाही.

पोरगा झाला. रडला, मोठ्यानं. आम्ही हात जोडले.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"आजी, खरं सांगा. घरी काय केलंत तुम्ही?"

"काय केलं?"

"बाळ बाहेर आलं तेव्हा त्याची नाळ आधीच कापलेली होती. काळ्या दोऱ्यानं बांधून."

राजेश्वरी माझ्याकडं बघत राहिली.

"आणि वार आलेलीच नाही. सोनोग्राफीच्या मशीनवर पाहिलं. आत काहीच नाही. मग हे पोर जगलं कशावर?"



जीप भंगारात गेली. त्याआधी बॉनेट उघडलं, तर बॅटरीला साध्या तांब्याच्या वायरीचा तुकडा होता. त्यावर गाठ नव्हती. ती बाळाच्या पोटावर निघाली होती. गुंडाप्पानं सळई उपटली. सळई कोरडी ठणठणीत. वायरीचा दुसरा तुकडा, दुसरी गाठ मारलेला, आम्ही कंबरभर खणलं तरी सापडला नाही.

पहिली गाठ बाळाला लागली. दुसरी कुणाला लागली?

बाळ आता रांगतंय. गुटगुटीत आहे. निकिता त्याला डोळ्यांआड होऊ देत नाही.

या घरातलं प्रत्येक पोर मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. याला राजेश्वरी घालते. लोक म्हणतात, म्हातारीला पणतू नकोसा झाला. नकोसा नाही हो. तो जगावा म्हणूनच ती घाण मी हातात धरली.

पण त्याला मांडीवर घेतलं की माझी बोटं चिकट होतात. राखेनं घासली, लिंबानं घासली. जात नाही.

परवा निकितानं त्याला हट्टानं माझ्याजवळ दिलं. "घ्या की, आजी. तुमचाच हाय."

त्यानं माझं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागला. डोळे मिटून... ओळखीचं असल्यासारखं.

मी बोट ओढून घेतलं. पोर रडायला लागलं.

मी मोरीत धावले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं.