पाइपाचे हिसके

दिवे गेले होते. काका अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, त्यामुळे मेणबत्तीसुद्धा त्यांनी ताटलीत पाणी घालून मधोमध लावली होती.

"आमच्या मिस्त्रीच्या बाबतीत घडलेलं सांगतो," ते म्हणाले. "गेल्या मार्चमधला दुसरा गुरुवार. रात्रीचे साडेअकरा."

"भूत घड्याळ बघून येतं वाटतं?" दादाने विचारलं. मी त्याला चिमटा काढला आणि हात तिथेच राहू दिला.

काका सांगू लागले.

आमच्या केंद्रात शंभर वर्षांपूर्वीचा बंब होता. पितळी घंटा, पुढून हँडल मारून सुरू करायचं इंजिन. सकाळी तो लोकांसमोर चालवून दाखवायचा होता आणि पंपाचं वॉशर मिळालं संध्याकाळी. म्हणून मिस्त्री रात्रीच चाचणीला निघाला. सोबत मेहुणा, तोंडाचा भारी वटवट्या. बायको दारातून म्हणाली, "माझ्या भावाला नीट परत आणा हं."

"त्याला कोण नेतंय? नेला तरी पहाटेच्या आत आणून सोडतील," मिस्त्री म्हणाला.

केंद्रामागे बिनछपराचं गोदाम आहे. ह्याच बंबाच्या काळात जळालेलं. पाणी मध्येच थांबलं आणि एक जवान आत राहिला, असं जुनी माणसं सांगायची.

ते इंजिन असं धडधडायचं की हाक ऐकू येत नसे. म्हणून पंपावरच्याने एक हात पाइपावर ठेवायचा. आतून दोन हिसके आले की पाणी सोडायचं, पुन्हा आले की जोर वाढवायचा.

मेहुणा पाइपाचं तोंड घेऊन गोदामात गेला. दोन हिसके आले. मिस्त्रीने पाणी सोडलं. पुन्हा दोन. जोर वाढवला. पुन्हा दोन.

"अरे, गाव बुडवतोस काय!" मिस्त्री गोदामाकडे बघत ओरडला.

खांद्यावर हात पडला. मेहुणा.

"भाऊजी, पाणी का सोडलंत? मी तर पाइप आत ठेवून टॉर्च न्यायला आलोय."

हाताखाली पाइप... दोन हिसके.

मिस्त्रीने पाण्याचा कॉक फिरवून बंद केला. इंजिन बंद केलं. पाइप चपटा पडला.

"कुत्रं ओढत असेल," मेहुणा हसला आणि टॉर्च घेऊन आत गेला.

मिस्त्रीचा हात पाइपावरच. सवय.

दोन हिसके.

"तू आहेस का रे?"

...

मेहुणा असता तर बोलला असता. इंजिन तर बंद होतं. मिस्त्रीने कॉकला हात लावला नाही.

दोन हिसके. जोरात.

दोन.

मग एकच... हलका.

मग काही नाही.

मिस्त्रीने आरोळी दिली तसे केंद्रातले जवान धावले. आत ना जाळ, ना धूर. घोटाभर पाण्यात मेहुणा बसलेला, पाइपाचं तोंड दोन्ही हातांनी छातीशी धरून. कपड्यांवर डाग नाही. श्वास नाही.

काकांनी ताटली जवळ ओढली. मेणबत्ती तडतडली.

"पण काका," दादाने विचारलं, "त्याने हाक का नाही मारली?"

"डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडलं ना, तेव्हा कळलं. जिभेपासून पार खाली घशापर्यंत... काजळी."