बांधावरची वाट

नात तेजश्रीच्या साखरपुड्याची अंगठी कोंडिरामांच्या खिशात होती. दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. घरची मंडळी सकाळीच कुलूप लावून मुर्ध्याच्या हॉलवर गेली होती. कोंडिराम केबिन रोडच्या सोनाराकडून थेट निघाले. हॉल एकपर्यंतच मिळाला होता. पुढे तिथे कुणाचं तरी बारसं होतं.

साडेबाराला हॉल समोर दिसला. शंभर पावलं. मध्ये भिंत. पुढच्या गल्लीच्या टोकालाही भिंत. तिसरीत फाटक होतं आणि वॉचमन. रस्ता विचारणं कोंडिरामांना कमीपणाचं वाटे. वॉचमनने न विचारताच सांगितलं, मागे फिरा, नाक्यावरून वळसा, चार किलोमीटर. भिंतीपलीकडे बुद्धवंदना संपली आणि लाऊडस्पीकरवर त्यांच्या पत्नी वैजयंताबाई म्हणाल्या, "अहो, कुठं आहात?" वस्तीतले चार-पाच नवरे खिडकीत आले.

भर दुपारी वारा थांबला. खाऱ्या पाण्याचा वास आला. शेजारी एक म्हातारा उभा होता, लंगोटी नेसलेला, पोटऱ्या मिठाने पांढऱ्या.

"बांधावरनं चल. खाली पाय ठेवू नको… मीठ पिकलंय."

इथे बांध नाही, पार्किंग आहे, असं कोंडिराम सुनावणार होते. पण म्हातारा चालू लागला होता. पायाखाली माती मऊ लागली. हॉर्न नाही, माणूस नाही. दोन्हीकडे जुन्या मिठागरांचं पांढरं, गप्प पाणी.

"परतताना ह्याच वाटंनं जायचं," म्हातारा न वळता म्हणाला. "वाट अर्धी टाकायची न्हाय…"

कोंडिरामांनी मान वर केली तेव्हा ते हॉलच्या स्वयंपाकघरात, पुऱ्या तळणाऱ्या दोन आचाऱ्यांच्या मध्ये उभे होते. एकला दहा कमी. अंगठी बोटात गेली. वैजयंताबाईंनी नवऱ्याच्या ओल्या, पांढऱ्या झालेल्या चपला पाहिल्या आणि पुसून यायला सांगितलं.

निघताना कोंडिरामांनी स्वयंपाकघराची मागची बाजू पाहिली. भिंतच. भिंतीशी बोलत बसणारे ते नव्हेत. सगळ्यांबरोबर रिक्षाने चाळीस मिनिटांत गोडदेवला घरी आले.

शेजारचा जितेश दारातच होता. जरा रागावलेला.

"काका, दरवाजा आहे ना? तुम्ही आणि ते म्हातारे आमच्या किचनमधून कशाला गेले? आम्ही जेवत होतो."

"कधी?"

"आत्ता. पाच मिनिटं झाली…"

कोंडिरामांनी कुलूप काढलं. फरशीवर ओली, पांढरी पावलं होती. जितेशकडच्या भिंतीतून निघून सरळ समोरच्या भिंतीत गेलेली. एक जोडी अनवाणी. दुसरी चपलांची, डाव्या टाचेला खाच. कोंडिरामांनी आपली डावी चप्पल हळूच उलटी करून पाहिली.

मागून वैजयंताबाई म्हणाल्या, "पुसा म्हटलं होतं ना?"