दोन ठोक्यांची गाडी

ऊर्मी केळुसकरला तळगाडीत बसल्यापासून एकच प्रश्न छळत होता. तिच्या हातातली आजोबांची जुनी डबी गाणी ऐकवण्यासाठी बनवलेली होती. लहानसा पडदा, खाली बोटाने फिरवायचं गोल चाक, मधोमध एक बटण, आणि हेडफोनसाठी एक छिद्र. बनवणाऱ्यांनी तिच्यात एकही खेळ घातलेला नव्हता, असं आजोबा स्वतःच सांगायचे. तरीही त्या पडद्यावर एक चिमुकली मोटार वळणावळणाच्या रस्त्यावरून धावत होती आणि ऊर्मीचा अंगठा तिला खड्ड्यांपासून वाचवत होता.

"गाण्याच्या डबीला मोटार चालवायची कशी कळते, आजोबा?" तिने विचारलं.

"परत जाताना सांगतो," आजोबा म्हणाले. त्यांचं लक्ष समोरच्या काचेकडे होतं.

डॉ. यशवंत केळुसकर समुद्रतळाचे अभ्यासक होते. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी वसलेल्या सिंधुतळ वसाहतीत त्यांचं कुटुंब राहत होतं. अकरा वर्षांची ऊर्मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर तळगाडीतून फिरायला जाई. ही गाडी म्हणजे जाड काचेची, बंद खोली. तिला दोन्ही बाजूंना रणगाड्यासारखे पट्टे होते. त्या दिवशी आजोबांना तळाशी असलेल्या एका दरीच्या काठावरची तापमान मोजणारी यंत्रं तपासायची होती. वसाहतीपासून तिथपर्यंत चिखलावर एक पांढरा दोर टाकलेला होता. त्याच्या बाजूने गेलं की वाट चुकत नसे.

यंत्रं तपासून झाली. आजोबांनी गाडी वळवली आणि तेवढ्यात छतातून थेंब पडू लागले. यंत्रांना गार ठेवणारी पाण्याची नळी फुटली होती. बरोबर तिच्याखाली गाडीचा संगणक होता. चर्र असा आवाज झाला, जळका वास आला, आणि गाडी जागच्या जागी थांबली.

आजोबांनी नळीची तोटी बंद केली. मग ते खाली वाकले आणि त्यांनी संगणकाचं झाकण काढून आत पाहिलं.

त्यांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. संगणक गेला होता. हवा स्वच्छ करणारा पंखाही जळाला होता. आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड आता खोलीतच साठत जाणार होता. रेडिओच्या लहरी समुद्राच्या पाण्यात फार दूर जात नाहीत, म्हणून वसाहतीशी बोलणं ध्वनियंत्रातून व्हायचं, आणि ते यंत्रही याच संगणकावर चालायचं. घरी त्यांची वाट संध्याकाळी पाहिली जाणार होती. शोधायला कोणी निघेपर्यंत इथली हवा पुरणार नव्हती.

"पोहत गेलो तर?" ऊर्मीने विचारलं. आजोबांनी नकारार्थी मान हलवली. इतक्या खोलवर पाण्याचा दाब फार असतो, पाणबुड्यांचा पोशाख गाडीत नव्हता, आणि दार उघडलं तर आधी पाणीच आत आलं असतं.

पुढचा दिवा तेवढा सुरू होता, कारण तो थेट बॅटरीला जोडलेला होता. त्याच्या उजेडात पांढरा दोर दिसत होता. दोराच्या डाव्या बाजूला चिखल संपत होता आणि तिथून खाली फक्त काळोख होता. ऊर्मीने तिकडे पाहणं टाळलं, तरी तिचे डोळे पुन्हापुन्हा तिकडेच जात होते.

"तुम्हाला भीती वाटतेय का?"

"वाटतेय," आजोबा म्हणाले. "पण पट्टे फिरवणाऱ्या मोटारी शाबूत आहेत. त्यांना हुकूम देणारं कोणी उरलं नाही, एवढंच."

मोटारींना हुकूम कसा मिळतो ते त्यांनी तिला सांगितलं. डाव्या आणि उजव्या पट्ट्याला स्वतंत्र मोटार होती. संगणक प्रत्येक मोटारीला विजेचे बारीक ठोके (क्षणभर येऊन थांबणारे विजेचे इशारे) पाठवायचा. ठोके भराभर आले की पट्टा भराभर फिरायचा, सावकाश आले की सावकाश. दोन्हीकडे सारखे ठोके गेले तर गाडी सरळ जाई. डावीकडचे कमी झाले तर डावा पट्टा मागे पडे आणि गाडी डावीकडे वळे.

बोलता बोलता ते थांबले आणि ऊर्मीच्या मांडीवरच्या डबीकडे पाहू लागले.

"हेडफोनच्या तारेतून काय जातं, माहीत आहे?"

"गाणं."

"गाणं कानात तयार होतं. तारेतून वीजच जाते, कमीजास्त होणारी. आणि डाव्या कानाची तार वेगळी, उजव्या कानाची वेगळी."

ऊर्मीला एकदम उमगलं. मग गाणं लावून तारा मोटारींना जोडायच्या, असं ती म्हणाली. आजोबांनी तिला थोपवलं. गाणं आधीपासून ठरलेलं असतं. समोर खड्डा आला म्हणून ते वळत नाही. त्यांना हवा होता खेळ, कारण खेळ प्रत्येक क्षणी अंगठ्याला विचारतो की तू आता कुठे आहेस, आणि उत्तर ऐकून पुढचं ठरवतो.

ते आसनामागची झाकणं उघडू लागले. हात चालू ठेवूनच त्यांनी तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. डबीच्या आत एक प्रोसेसर (सांगितलेले हिशेब अतिशय वेगाने करणारी चिप) असतो. त्याला गाणं कळत नाही आणि खेळही कळत नाही. त्याच्यासमोर फक्त आकडे येतात. त्या आकड्यांचं काय करायचं हे प्रोग्रॅम (यंत्राने एकामागून एक पाळायच्या सूचना) सांगतो. बनवणाऱ्यांनी तिला गाण्यांच्या सूचना दिल्या होत्या. आजोबांनी कॉलेजात असताना तिच्यात आणखी सूचना लिहिल्या: अंगठा कुठे आहे ते पाहा, पडद्यावरच्या मोटारीची नवी जागा काढ, चित्र पुसून पुन्हा काढ, आणि हे सारखं करत राहा. डबी तीच राहिली, काम बदललं.

"म्हणजे ती गाण्याची डबी नाहीच," ऊर्मी म्हणाली.

"ती हिशेबाची डबी आहे. हिशेब कसला, ते आपण सांगायचं."

खेळाच्या सूचना डबीतच उघडून बदलता येत होत्या. चाक फिरवून एकेक अक्षर निवडायचं, बटण दाबून पक्कं करायचं. आजोबांनी चित्र सरकवण्याच्या सूचनेखाली नव्या ओळी घातल्या. अंगठा उजवीकडे गेला तर उजवे ठोके कमी कर, डावीकडे गेला तर डावे. मधलं बटण दाबून धरलं तर सगळे ठोके थांबव, सोडलं की सुरू कर. हे काम फार सावकाश होत होतं. ऊर्मीचं डोकं दुखायला लागलं होतं. आजोबाही मधूनमधून डोळे मिटून घेत होते. हवा पुरावी म्हणून दोघं शक्य तितकं कमी बोलू लागले.

डबीतून येणारी वीज फार दुबळी होती. म्हणून त्यांनी तिची तार खोलीतल्या दोन स्पीकरांच्या अँप्लिफायरला (दुबळा इशारा जोरकस करणाऱ्या यंत्राला) जोडली. मग स्पीकर काढून टाकले आणि त्यांच्या सुट्ट्या तारा आसनामागे मोटारींच्या खोक्यांपर्यंत ओढल्या. तिथे तारा बसवायला चिमटे नव्हते. आजोबांना दोन्ही हातांनी त्या खोक्यांच्या धातूच्या टोकांवर दाबून धराव्या लागल्या. त्यांना काच दिसत नव्हती. गाडी ऊर्मीलाच चालवावी लागणार होती.

तिने बटण सोडलं. खालून घरघर आली आणि गाडी हलली. क्षणभर तिला रडूच आलं. दोर थोडा उजवीकडे वळत होता, म्हणून तिने अंगठा उजवीकडे नेला.

गाडी डावीकडे वळली.

तिने घाबरून अंगठा आणखी उजवीकडे दाबला. गाडी आणखी डावीकडे गेली. दिव्याखालचा चिखल संपला आणि उजेड नुसत्या काळ्या पाण्यात पडला. तिने बटण दाबलं. पट्टे थांबले, पण काठाचा चिखल पुढच्या बाजूने ढासळत होता. ढेकळं सुटून खाली जाताना दिसत होती. ती तळाला पोहोचलेली मात्र दिसली नाहीत.

तिने ओरडून आजोबांना सांगितलं की सगळं उलटं होतंय, आपण काठावर आहोत.

"तारांची अदलाबदल झाली माझ्याकडून," आजोबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "हात सोडला तर अंधारात ही टोकं पुन्हा सापडायची नाहीत."

"मीच उलटं चालवते."

"घाबरल्यावर अंगठा सवयीनेच फिरतो, बाळा. तारा राहू देत. सूचना बदल."

ऊर्मीने सूचना उघडल्या. अक्षरं डोळ्यांपुढे हलत होती. तिने ती ओळ ओठ हलवत वाचली: अंगठा उजवीकडे, तर उजवे ठोके कमी. जो उजवा इशारा म्हणून निघत होता, तो जाऊन पोहोचत होता डाव्या मोटारीत. म्हणजे 'उजवे' लिहिलंय तिथे 'डावे' हवं, आणि खालच्या ओळीत 'डावे'च्या जागी 'उजवे'. तिचा अंगठा घामाने घसरत होता. एक अक्षर चुकलं, ते तिने पुसलं आणि पुन्हा निवडलं. गाडी पुढच्या बाजूने किंचित खचली. तिने वर पाहिलं नाही. दोन्ही शब्द बदलून झाल्यावर तिने ओळी एकदा परत वाचल्या आणि मगच बटण दाबून धरत खेळ सुरू केला.

तिने अंगठा थेट उजव्या टोकाला नेला आणि बटण सोडलं. उजवा पट्टा थांबून राहिला, डावा चिखल उडवत फिरला. गाडी थरथरत उजवीकडे वळली. काळोख काचेवरून हळूहळू सरकत बाजूला गेला. मग दिव्यात पांढरा दोर दिसला.

वाटभर तिने दोरावरून नजर हलवली नाही. दोर डावीकडे गेला की अंगठा डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. आजोबा मागून काही वेळ तिला धीर देत होते, नंतर त्यांचं बोलणं थांबलं. वळून पाहायची तिची हिंमत झाली नाही. त्यांनी हात काढले असते तर पट्टे थांबले असते, आणि पट्टे फिरत होते, एवढ्याच आधारावर ती पुढे जात राहिली.

वसाहतीचे दिवे दिसले. गाडीचा दिवा पाहून आतल्या लोकांनी गोदीचं दार उघडलं, गाडी आत गेली आणि भोवतालचं पाणी उपसलं गेलं. बाहेरून कोणीतरी गाडीचं दार उघडलं तेव्हा ऊर्मीच्या आईने आधी आजोबांना बाहेर काढायला लावलं. त्यांची बोटं वळून आखडली होती. ताज्या हवेत काही वेळ पडून राहिल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि ऊर्मी कुठे आहे ते विचारलं. ती त्यांच्या उशाशीच होती.

त्यानंतर बरेच दिवस थेंबाच्या आवाजाने तिला दचकायला होई. पण वसाहतीच्या अभियंत्यांनी गाड्यांसाठी दुसरा, सुटा संगणक बसवायचं ठरवलं, तेव्हा ती त्यांच्याकडे गेली. कोठारात कितीतरी जुनी यंत्रं पडून आहेत, जुने फोन, घड्याळं, गाण्यांच्या डब्या, असं तिने त्यांना सांगितलं. त्यांतल्या ज्यांना अजून हिशेब करता येतो, त्यांना गाडी चालवायला शिकवता येईल. अभियंत्यांनी विचारलं, शिकवणार कोण?

"मी सूचना लिहीन," ऊर्मी म्हणाली. "पण तारा तुम्ही नीट बघून जोडा."