इंजिन हवेत होतं तेव्हा

मोहफुलांच्या गोड वासात रुपालीला एकदम पेट्रोलचा वास आला… आणि तिनं मोटरसायकलचा ब्रेक करकचून दाबला.

सावली गावाच्या अलीकडे, वळणावरच्या मोहाखाली दुधी रंगाची जुनी अँबेसेडर उभी होती. बॉनेट उघडं, एक तरुण आत वाकलेला, खाली टपटप गळणारी धार. आणि वीस पावलांवर गावातली सोनीबाई काडी ओढत होती. फुलं वेचायची तर आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची, ही तिची रोजची रीत.

रुपाली धावत सुटली. सोनीबाईच्या हातातली काडीपेटी तिनं हिसकावलीच, मग गाडीची चावी काढून खिशात टाकली.

"माह्या गाडीची चावी काऊन घेतली?" तो तरुण चिडला.

"खाली पाहा जी," ती म्हणाली.

त्यानं ओली जमीन पाहिली, मग काडीपेटी पाहिली. चेहरा पांढराफटक पडला… आणि पुढच्याच क्षणी तो असा मोकळा हसला, की रुपालीला आपला राग कुठे ठेवावा ते कळेना.

त्याचं नाव भूपेश. गडचिरोलीच्या प्रयोगशाळेत तो हिवतापाचे रक्तनमुने तपासायचा. ही गाडी त्यानं एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून हौसेनं घेतली होती. रुपाली सावलीच्या गॅरेजवाल्या गुणवंतरावांची मुलगी, आयटीआय शिकलेली. वडिलांचा खांदा निखळल्यापासून गॅरेज तीच सांभाळत होती.

गाडी ओढून गॅरेजात आणली. रुपाली खाली सरकली. रबरी नळ्या नुसत्या दाबल्या तरी चिरत होत्या, टाकीपासून येणारी लोखंडी नळी गंजून पापडासारखी झाली होती. एकूण एक बदलणं भाग होतं. शिवाय इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल गळून क्लच भिजला होता. म्हणजे अख्खं इंजिन बाहेर काढायचं. ते तिनं एकटीनं कधीच केलं नव्हतं. तिनं हरखून बाह्या सरसावल्या.

भूपेश दर शनिवार-रविवारी मदतीला येऊ लागला. निघालेला प्रत्येक बोल्ट पुसायचा, पुडीत बांधायचा, वर चिठ्ठी लावायचा. इतकं कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, रक्ताच्या काचा मिसळल्या तर एकाचा ताप दुसऱ्याच्या नावावर जातो.

"आन् बोल्ट मिसळले तं?"

"तं मले आणखी चार-सहा रविवार यावं लागन…" तो चिठ्ठीवरची नजर न काढता म्हणाला. "मिसळून टाकू काय?"

रुपाली घाईघाईनं गाडीखाली सरकली. तिथे हसलं तरी कुणाला दिसत नव्हतं.

अशाच एका रविवारी चिमूरचे पाहुणे तिला बघायला अकरा वाजता यायचे होते. त्याआधी इंजिन उतरवून हातपाय धुवायचे, असं तिनं ठरवलं होतं. तीन पायांच्या लोखंडी घोडीला साखळीची कप्पी लावली. शेवटचा नट सुटला. साखळी कडकडली, आणि इंजिन हळूच आपल्या जागेवरून उठलं… वीतभर, हातभर… तरंगलं! भूपेशनं श्वास रोखून ते सावरलं. साखळी धरलेल्या रुपालीचे डोळे चमकत होते.

तेवढ्यात पाहुणे आले. साडेनऊलाच.

गुणवंतरावांनी तिला खुणावलं. पण लटकतं इंजिन सोडून जायचं कसं? पाहुण्यांनी दहा मिनिटं बसावं, असं तिनं सांगितलं. मुलाच्या काकांनी तिच्या कोपरापर्यंत काळ्या हातांकडे पाहिलं आणि लग्नानंतर हे सारं बंद होईल ना, असं विचारलं.

"नाई होणार," रुपाली म्हणाली, आणि सावकाश साखळी सोडत तिनं इंजिन फळ्यांवर टेकवलं.

पाहुणे चहा घेऊन गेले ते गेलेच. गुणवंतराव दिवसभर गॅरेजात फिरकले नाहीत. आणि भूपेश… पुढच्या शनिवारी आला नाही, रविवारीही नाही, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही.

रुपालीनं सील बदललं, नव्या नळ्या वळवून बसवल्या. इंजिन परत चढवताना साखळी धरायला गुणवंतराव स्वतः उठले, दुखऱ्या खांद्यानिशी. तिला तेवढं पुरलं.

गाडी तयार झाल्याचा निरोप गेला, तेव्हा भूपेश आला. किल्ली फिरवताच इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. खाली एक थेंब नाही! दोघं वैनगंगेच्या पुलापर्यंत गेली. पुलाअलीकडे त्यानं गाडी थांबवली.

"माह्या गाडीपायी तुमचं जमतं लग्न मोडलं," तो म्हणाला. "कोन्त्या तोंडानं येऊ?"

"ते गेले त्याचं मले काईच वाटलं नाई," रुपाली म्हणाली. तिनं काचेबाहेर, नदीकडे पाहिलं. "पण दोन रविवार तुमी नाई आले… त्याचं लय वाटलं."

इंजिन संथ धडधडत होतं.

"येत्या रविवारी येऊ?" अखेर त्यानं विचारलं. "आईले घेऊन… तुले मागाले?"

रुपालीच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. तेल लागलेलं आपलं बोट तिनं त्याच्या स्टीअरिंगवरच्या बोटाला हलकेच टेकवलं.

"ये," ती म्हणाली. 'तुमी' म्हणायचं राहूनच गेलं.