झालं का बोलणं?

वारलेल्या आजोबांच्या जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकायचं, म्हणजे तो कोणत्या प्रणालीवर चालवायचा, हे माझी नात जेवणाच्या टेबलाशी बसून ठरवत होती. उबुंटू सोपं, पण या म्हाताऱ्या मशीनला जड. फेडोरा सतत बदलतं. डेबियन हलकं, शांत. सकाळपासून हेच चाललं होतं.

"अगं, लग्नाची स्थळंसुद्धा आम्ही एवढी चिवडली नव्हती," मी म्हणाले.

"म्हणून तर आजोबा पदरात पडले," ती म्हणाली आणि तिने डेबियन घेतलं.

तिची परीक्षा दोन दिवसांवर आली होती. आपलं मशीन नेऊन परीक्षकांसमोर सर्व्हर चालवून दाखवायचा. जमलं तर नोकरी, नाहीतर बापाच्या दुकानात गल्ल्यावर बसणं. दुसरं मशीन घरात नव्हतं.

"ह्यांचं काही राहील का गं त्यात?"

"काही नाही, आजी. सगळं पुसलं जातं."

मी मटार सोलत राहिले. "आणि हा सर्व्हर करतो काय?"

"कान देऊन बसतो. कुणी हाक मारली की ओ देतो. झाकण मिटलं तरी झोपायचं नाही, हे मात्र त्याला शिकवावं लागतं."

म्हणजे आमचंच काम. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. दोघांना जोडणारी तार काढण्याआधी मध्ये बोलून विचारायचं, "झालं का बोलणं?" न विचारता काढायची नाही, हा नियम. हे दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजवर. काम संपलं की मी विचारायची, आणि पलीकडून हे म्हणायचे, "राहू दे जरा." असं करता करता लग्न झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने झाकण मिटलं आणि फोनवरून लॅपटॉपला हाक मारून पाहिली. उत्तर आलं. फोनच्या काळ्या पडद्यावर ओळीखाली ओळ उमटत गेली. मग तिने मशीनची नेटची केबल काढली.

ओळी थांबल्या नाहीत.

"दुसरंच काहीतरी ओ देतंय," ती पुटपुटली. घरातलं बाकी सगळं बंद केलं. मशीनचा नेटवरचा पत्ता बदलला. शेवटी डेबियन पुसून फेडोरा टाकलं. पुन्हा तेच. केबल नाही, तरी उत्तर.

तिने चार्जर उपसला. लॅपटॉप उलटा करून बॅटरी काढली आणि समोरच्या चमच्यांच्या खणात टाकली.

ओळी येतच होत्या.

"आजी, उद्या परीक्षकांसमोर असं झालं तर मी काय सांगू?" तिचा आवाज फुटला.

"तू न विचारता तार काढतेस."

"काय?"

मी मिटलेल्या झाकणाकडे वाकले. इतक्या वर्षांनी तोच आवाज गळ्यातून निघाला. "झालं का बोलणं?"

ओळी थांबल्या.

त्यानंतर नातीने मशीनला हात लावला नाही. सकाळी ते पिशवीत घातलं, माझ्या पाया पडली आणि गेली.

चहात साखर ढवळायला मी खण उघडला. चमच्यांमध्ये बॅटरी होती.

चार्जरही भिंतीपाशी तसाच लोंबत होता.

फोन लावला. बंद. परीक्षेत बंदच ठेवायला सांगितला असणार. माझा चहा गार झाला. पोरीचं नशीब खणात पडलेलं, आणि मी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसलेली.

संध्याकाळी ती दारातूनच ओरडली, "आजी, झालं! नोकरी मिळाली!"

मी खण ढकलून बंद केला.

"चार्जर घरीच विसरले. बरं, बॅटरी तेवढी तू रात्री परत बसवलीस. जीव मुठीत धरून बसले होते. पण आजोबांची बॅटरी दिवसभर पुरली, बघ. एकदाही अडखळला नाही." तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला. "दमला असेल बिचारा. काढून ठेवू बॅटरी?"

ती तो उलटा करायला गेली. मी झाकणावर हात ठेवला.

ऊबदार होतं.

"राहू दे जरा," मी म्हणाले.

आत पंखा हळूच फिरू लागला.