मिस कलावती, अमरावती

"बंद कर ते! निधी, बंद कर म्हणते ना!"

नव्वदीच्या वनमालाबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की सुधाकरच्या कपातला चहा बशीत सांडला. रायपुरातल्या गुढियारीच्या त्या घरात मावशीचा चढलेला आवाज आजवर कोणीच ऐकला नव्हता.

"क्या हुआ, मावशीआजी? अभी तो शुरू हुआ है!" निधी हसली. नव्या राज्याच्या एका सरकारी कार्यालयात तिला नोकरी लागली होती, जुन्या ग्रामोफोन तबकड्यांची यादी करायची. त्यातल्या एका मराठी गाण्याचे शब्द कळेनात, म्हणून ती कॅसेट भरून बाबांकडे घेऊन आली होती.

"कोणाचं गाणं आहे?" सुधाकरनं विचारलं.

"लेबल फटा है, पापा. पर उस ज़माने में आख़िर में नाम बोलते थे. रुको, आएगा."

येणार होतं... तेच तर येणार होतं! तो सतरा वर्षांचा गळा वनमालाबाईंचाच होता. तीन मिनिटांचं गाणं, आणि मग ते नाव!

त्या नावानं त्यांनी नाटकं गाजवली होती, मूक चित्रपटांत राण्या केल्या होत्या, बोलपटात गायल्या होत्या. मग मूल झालं. बापानं नाव द्यायला नकार दिला. दोन वर्षांचा सुधाकर कडेवर घेऊन त्या रायपूरला धाकट्या बहिणीकडे, इंदूकडे आल्या. इंदूला मूल नव्हतं. तिचा नवरा रेल्वेत कारकून, सरळ माणूस. तो म्हणाला, "पोराले माझं नाव देतो. पण त्याची आई इंदू. तुम्ही मावशी म्हणून राहा, आणि ते जुनं नाव या घरात नको." त्या 'हो' म्हणाल्या, आणि साठ वर्षं मावशीच राहिल्या.

सुधाकरच्या लग्नात कोणीतरी त्याचे कान भरले, तुझी खरी आई नाटकवाली कलावती, तुला टाकून पळाली. तो रडत मावशीकडेच आला होता. "खरं आहे का?" आणि त्या माउलीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "हो. होती तशी." तेव्हापासून त्या नावाचा त्याला तिटकारा होता.

दुसरं कडवं सरलं. त्या भिंतीला धरून उठल्या, टेपपर्यंत पोचायला हवं... पण पाय उचलेना. सुधाकर आता माझा आवाज ओळखील, मला घराबाहेर काढील! या वयात, या पोराशिवाय, कुठं जाऊ मी?

गाणं थांबलं. खरखर झाली. बारीक, ताठ आवाज आला, "मिस कलावती, अमरावती."

सुधाकरचा चेहरा दगडासारखा झाला. टेप बंद करायला त्यानं हात पुढं केला, तोच टेपमधली पोरगी घाईनं बोलली, "माय वो! सपलं का जी?" रेकॉर्डिंगचं यंत्र अजून चालूच आहे, हे तिला कळलंच नव्हतं.

निधी खळखळून हसली. "अरे पापा! ये तो बिलकुल मावशीआजी जैसा बोली!"

सुधाकरनं वळून पाहिलं. वनमालाबाई भिंतीशी उभ्या होत्या. पदर तोंडात कोंबला होता.

"तू?" तो कसाबसा बोलला. "मी विचारलं होतं तुले... तू हो म्हणाली! काहून?"

"इंदू दारात उभी होती रे," त्या हुंदका आवरत म्हणाल्या. "तिनं तुले वाढवलं. तिच्यादेखत कशी म्हणू, की हा माझा आहे म्हणून?"

"आणि ती गेल्यावर? गेल्या साली निधीची आई, माझी विजया गेली, तवा तुझ्याच कुशीत रडलो मी. तवाही गप्प?"

"भ्यायले, बाबू. मावशी म्हणून तरी जवळ होते... तेही गेलं असतं तर?"

त्यानं टेप बंद केला, कॅसेट काढून हातात उलटसुलट करून पाहिली. तेवढ्या वेळात त्या म्हातारीनं मनातल्या मनात आपली दोन लुगडीही बांधून ठेवली. मग तो उठला, त्यांना धरून खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली, फरशीवर बसला.

"म्हण ना. टेपमधलं नको, तोंडानं म्हण."

साठ वर्षांत त्या गुणगुणल्याही नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले. पहिली ओळ फाटक्या आवाजात निघाली, दुसरीला शब्दच सापडेनात. त्या घाबरून त्याच्याकडे पाहू लागल्या, आपलं काही पुन्हा चुकलं की काय!

सुधाकरनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

"राहू दे, आई. आठवंल तसं म्हण."