मोठीची संमती

विदिशा भंगाळेने कचोरीचा पहिला घास तोंडात घातला आणि तिच्या कानातली बाई म्हणाली, “खा, खा. व्याज भरायला मी आहेच.”

विदिशाने घास गिळला. समोर उभ्या असलेल्या गार्गीने तिचा चेहरा बघितला आणि विचारलं, “मोठी?”

“दुसरं कोण?”

“आणि मैत्रिणीचे पैसेही तूच देणार आहेस ना?” कानातली बाई पुढे म्हणाली. “आयजीच्या जिवावर बायजी उदार. आयजी मी आहे, एवढं लक्षात ठेव.”

ही बाई म्हणजे स्वतः विदिशाच होती, फक्त बेचाळीस वर्षांची. जळगावात आता बारावी आणि विद्यापीठ यांच्यामध्ये एक अख्खं वर्ष असे. सरकारी भाषेत त्याला अर्थनियोजन वर्ष म्हणत. या वर्षात मुलांनी मिळेल ते काम करायचं, पैसे साठवायचे आणि शैक्षणिक कर्जासाठी आपल्या उत्तररूपाची संमती मिळवायची. उत्तररूप म्हणजे यंत्राने बांधलेलं तुमचं बेचाळिसाव्या वर्षाचं रूप. शाळेपासूनच्या नोंदी, प्रकृतीचे अहवाल, आवाजाचा नमुना आणि तीन संध्याकाळ चालणारी एक लांबलचक मुलाखत एवढ्यावरून यंत्र तुमच्या पुढच्या आयुष्याची हजारो गणितं मांडतं आणि त्यातल्या सगळ्यात संभाव्य माणसाला बोलतं करतं. मण्याएवढं श्रवणयंत्र कानात बसवलं की तो माणूस दिवसभर तुमच्यासोबत. कर्ज तो फेडणार, तेव्हा सहीसुद्धा त्याचीच हवी, असा त्यामागचा तर्क. ही कल्पना ज्या विद्वानांना सुचली ते सगळे नाममात्र फी भरून शिकलेले होते, हे वेगळं सांगायला नको.

उत्तररूप हा शब्द मात्र कागदावरच राहिला. लोक सरळ ‘मोठी’ आणि ‘मोठा’ म्हणू लागले. कॉलनीतल्या बायका संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून एकमेकींना मोठ्यांच्या बातम्या देत. आमच्या अर्णवच्या मोठ्याने वर्षभर नवा शर्ट घेऊ दिला नाही हो, असं अर्णवची आई सांगायची, आणि तिचा चेहरा असा फुललेला असायचा की पोरगा जिल्ह्यात पहिला आला असावा. पोराचा विटका शर्ट ही आता मिरवायची वस्तू झाली होती. गार्गीच्या मोठीने तर तिला सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नात रिकाम्या हाताने पाठवलं. आहेर परत येईल याची खात्री नाही, असं कारण दिलं. मावशीने तेव्हापासून बोलणं टाकलं, आणि गार्गीच्या वडिलांनी पेढे वाटले.

विदिशा केळीच्या खोडापासून धागा काढणाऱ्या एका कारखान्यात काम करायची. धागा यंत्रातून बाहेर पडताना कुठे विरळ होतो ते बघायचं, एवढंच काम. मिळालेला पैसा ती साठवत होती आणि मोठी तिला रोज टोचत होती. रिक्षा केली की टोमणा, थंड काही प्यायली की टोमणा. पहिल्या पहिल्यांदा विदिशा भांडायची. दिवाळीनंतर ती भांडेनाशी झाली, आणि पुढे पुढे मोठी बोलायच्या आतच तिचा हात पैशांवरून मागे यायला लागला. लोकेश भंगाळे, तिचे बाबा, म्हणायचे, “पोरीला वळण लागलं.” बैलाला लागतं तसं वळण, पण ते कोणी म्हणालं नाही.

तिला शिकायचं होतं सागरी शेवाळशास्त्र. शेवाळापासून खत, कापड, पिशव्या, काय काय व्हायला लागलं होतं आणि किनाऱ्यावरच्या विद्यापीठाने त्याचा स्वतंत्र विभाग काढला होता. पण खरं कारण ते नव्हतं. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिने एकदा शेवाळाचा तंतू पाहिला होता. आत हिरव्या फिती नीट पिळून ठेवलेल्या, आणि त्या पाहून तिला इतका आनंद झाला की ती वर्गात मोठ्याने हसली. तसा आनंद तिला पुन्हा कशानेच झाला नव्हता. मोठीची संमती मिळाली नाही तर कर्ज नाही, कर्ज नाही तर ते विद्यापीठ नाही. मोठीला हवं होतं विमा-गणित.

फेब्रुवारीत, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, विदिशाने विषय काढलाच.

“मालवणला पंधरा दिवसांचं शिबिर आहे. साठवलेल्यातला चौथा हिस्सा जाईल, पण शिबिर केलेल्यांना विभागात आधी घेतात.”

“शेवाळ बघायला मालवणला?” मोठी म्हणाली. “गच्चीवरच्या टाकीत ढीगभर आहे. फुकट.”

“ते वेगळं असतं.”

“सुरुवातीला सगळं वेगळंच असतं. कोणीतरी येतो, गोड बोलतो, लोक घरातली पुंजी नेऊन घालतात आणि मग बसतात बोंबलत. तुलाही इमू पाळायचे आहेत का?”

विदिशाचा घास हातातच राहिला. “काय पाळायचे?”

“काही नाही. जेव,” मोठी म्हणाली.

घरी आई, हर्षदा, भरितासाठी वांगी भाजत होती. विदिशाने खांद्यावरची पिशवीही खाली न ठेवता विचारलं, “आई, इमू म्हणजे काय गं?”

आईने आधी गॅस बारीक केला. “तुला कोणी सांगितलं?”

“मोठीने.”

“शहामृगासारखा पक्षी असतो,” आई हळू आवाजात म्हणाली. “बाबा बारावीला होते तेव्हा तुझ्या आजोबांनी पाळले होते. अंडी विकली जातील, तेल परदेशात जाईल, असं कंपनीचा माणूस सांगून गेला. बाबांच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेले सगळे पैसे त्यात घातले. कंपनी पळून गेली, पक्षी मात्र राहिले. त्यांना रोज खायला लागायचं. शेवटी गुपचूप नेऊन सातपुड्यात सोडले. बाबा दुकानात बसले ते बसलेच. या घरात तो शब्द काढायचा नाही, असं मला लग्नातच बजावलं होतं.”

“मला तर हे आत्ता कळतंय. मग मोठीला कसं ठाऊक?”

आईने वांगं उलटं केलं. “तुझी मुलाखत बाबांनीच दिली ना. तू क्लासला असायचीस, आणि ती कधी झाली ते तू विचारलंही नाहीस.”

यात लपवण्यासारखं काही आहे असं हर्षदाला कधी वाटलंच नव्हतं. विदिशा पाच वर्षांची असताना पाहुण्यांनी नाव विचारलं की बाबा सांगायचे. पंधराव्या वर्षी डॉक्टरांनी कुठे दुखतंय म्हणून विचारलं, तेव्हाही बाबाच सांगत होते, आणि तेही चुकीच्या बाजूला हात लावून. मुलांच्या वतीने उत्तर देणं म्हणजेच माया, अशी या लोकांची पक्की समजूत. मूल स्वतः बोललं तर आईबाप कशाला आहेत, हा त्यांचा प्रश्न, आणि तो ते अगदी मनापासून विचारत.

बाबांचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान होतं. विदिशा तिथे जाऊन गल्ल्यासमोर उभी राहिली.

“माझ्या नावाने तुम्ही उत्तरं दिली?”

“मग काय शेजाऱ्यांनी द्यायची?” बाबांनी पाइपचा तुकडा बाजूला ठेवला. “सतरा वर्षांच्या पोरीला विचारतात, म्हातारपणाची भीती वाटते का. तू काय सांगणार होतीस?”

“नाही वाटत, असं सांगितलं असतं.”

“बघ! असली उत्तरं दिली असतीस तर तुझी मोठी निघाली असती उधळी. कोणत्या बँकेने दारात उभं केलं असतं?”

“म्हणजे वर्षभर माझ्या कानात तुम्ही बसला होतात.”

“आवाज तर तुझाच होता,” बाबा म्हणाले. ते खरोखर गोंधळलेले दिसत होते. “तुझं वाईट काय झालं त्यात? चांगली रक्कम साठली. विमा-गणिताला ती लगेच सही करते म्हणाली. मी विचारलंय तिला.”

“तुम्ही तिच्याशी बोलता?”

“रविवारी, पालकांच्या वेळेत. आमचं पटतं.”

पटणारच. विदिशाला बाबांची कीव यायला हवी होती, आणि थोडी आलीही. पक्ष्यांनी ज्याचं कॉलेज खाल्लं तो माणूस दुसरं काय करणार? पण त्या किवेपेक्षा तिरस्कार मोठा होता. आपली भीती त्याने पोरीच्या आवाजात रेकॉर्ड केली आणि तिला शिस्त असं नाव दिलं. आभार न मानता ती दुकानातून निघाली, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

उत्तररूप केंद्रात सरोदे मॅडम नावाच्या बाई बसायच्या. त्यांनी विदिशाचं सगळं म्हणणं चहा पीत ऐकून घेतलं.

“सगळेच बाप देतात,” त्या म्हणाल्या. “नियमात मूल यायला हवं. पण बाप येऊन सांगतो, पोरगी लाजते. आम्हीही समजून घेतो.”

“मग ही सगळी रूपं खोटी आहेत.”

“खोटी? पहिल्या तुकडीतली मुलं आता तिशी ओलांडून गेली. त्यांची पडताळणी झाली. दहातल्या नऊजणांचं आयुष्य उत्तररूपाने सांगितलं तसंच चाललंय. नोकरी, बचत, विमा, अगदी चिडण्याची पद्धतसुद्धा. याहून खरं काय असतं?”

“वर्षभर कानात बसून बजावल्यावर जुळणार नाही तर काय होईल?”

“ते संशोधकांनी बघायचं. आम्ही आकडे वर पाठवतो.” सरोदे मॅडमनी कप बाजूला सारला. “तुला फेरमुलाखत देता येते. पण आताची मोठी पुसली जाईल. नव्या मोठीने नकार दिला तर तिसरी संधी नाही. मग शेवाळही नाही आणि विमाही नाही. आहे ती सही करायला तयार आहे, ते सोडू नकोस. घरी जा, वडिलांना विचारून ये.”

शेवटचं वाक्य त्या बोलल्या नसत्या, तर विदिशा कदाचित घरी गेलीही असती.

“आत्ताच देते मुलाखत,” ती म्हणाली.

पुसली जाण्याआधी मोठी एवढंच म्हणाली, “पस्तावशील.” आवाज विदिशाचाच होता, म्हणून ते ऐकायला फार वाईट वाटलं. मग कान रिकामा झाला. कित्येक महिन्यांनी तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

मुलाखतीच्या खोलीत एक खुर्ची होती आणि भिंतीतून येणारा शांत, ना बाईचा ना पुरुषाचा असा आवाज. विदिशा ताठ बसली. काय सांगायचं ते तिने खोलीत येता येता ठरवलं होतं. समुद्र, शेवाळ, त्या हिरव्या फिती, सगळं. आता कोणी मधे बोलणार नव्हतं.

“सोप्या प्रश्नापासून सुरू करू,” आवाज म्हणाला. “समज, एक दिवस तुझ्या हातात भरपूर पैसे आहेत. ते तू कशावर खर्च केलेस हे जन्मात कोणालाही कळणार नाही. काय करशील?”

विदिशाने तोंड उघडलं.

“आधी चार ठिकाणी भाव काढीन,” ती म्हणाली.

वाक्य तिने स्वतःच ऐकलं. मोठीसारखं खालच्या पट्टीत, शेवटच्या शब्दावर किंचित जोर दिलेलं. तिला आयुष्यात कधी चार ठिकाणी भाव काढावासा वाटला नव्हता. तिने कानाला हात लावला, कान रिकामाच होता. मालवण म्हणायचं होतं, म्हणून तिने पुन्हा प्रयत्न केला. जिभेवर आलं ते एवढंच, की पंधरा दिवसांत तिथे मिळणार काय? ती घाबरली. ती नुसती खुर्चीचा हात घट्ट धरून बसली.

“उत्तर मिळालं,” आवाज म्हणाला. “नोंदवण्याआधी नियमाप्रमाणे विचारावं लागतं. हे उत्तर तुझंच आहे ना?”